चित्रकलेच्या बाईंचं आयुष्यभराचं काम: यादी, जपणूक, प्रदर्शन. सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. दादरला राहणाऱ्या एका ज्येष्ठ चित्रकर्तीच्या कामाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. बाईंचं वय ८५ च्या पुढे, स्मरणशक्ती उत्तम. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पेंटिंगचा डिप्लोमा, नंतर ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका), आणि निवृत्तीपर्यंत एका मराठी शाळेत चित्रकला शिक्षिका. नोकरी आणि घर सांभाळून त्यांनी एका माध्यमावर कधी भागवलं नाही. जलरंग, तैलरंग (बरेचसे हार्डबोर्डवर), लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेले छाप) आणि त्यांचे ठोकळे, बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड), टेराकोटा, दिवाळी अंकांसाठी केलेली रेखाचित्रं, रांगोळीच्या नक्ष्यांच्या वह्या असं मिळून साधारण चारशे नग असावेत.

हे सगळं दोन खोल्यांत आहे: कागद पलंगाखालच्या ट्रंकेत, बाटिक घड्या घालून माळ्यावर, तैलचित्रं भिंतीला टेकवून. इमारत पुनर्विकासाला जाते आहे, मार्चअखेर घर रिकामं करायचं आहे. माजी विद्यार्थिनींचा आमचा गट मदतीला आहे, पण यातलं शास्त्र कोणालाच येत नाही.

यादी कशी करायची, म्हणजे पुढे एखाद्या अभ्यासकालाही उपयोगी पडेल? बऱ्याच कामांवर साल नाही. काहींवर माहेरच्या नावाची सही, काहींवर सासरच्या, काहींवर सहीच नाही. कागदांवर बुरशी आणि तांबूस ठिपके आहेत. बाटिक आणि लिनोचे ठोकळे कसे हलवायचे? पुढे छोटं प्रदर्शन आणि पुस्तिका करायचा विचार आहे, तर हक्कांचं काय? आणि टाचण वह्या (वर्गातल्या पाठांच्या तयारीच्या), चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे (एलिमेंटरी, इंटरमिजिएट) सरावाचे कागद, शाळेचा पत्रव्यवहार असे जे गठ्ठे आहेत ते ठेवावेत की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

कागदकाम:

आधी गठ्ठ्यांबद्दल, कारण तेच सगळ्यात आधी रद्दीत जातात. ते ठेवाच. तैलचित्र कोणीतरी सांभाळेल, टाचण वही कोणी सांभाळत नाही. ज्या बाईंनी अर्धं आयुष्य वर्गात काढलं त्यांचं वर्गातलं काम काढून टाकलं तर चरित्रातला निम्मा पुरावा गेला.

आता कामाचा क्रम. यादी पूर्ण होईपर्यंत काहीही पुसायचं नाही, चिकटवायचं नाही, फ्रेममधून काढायचं नाही आणि कोणालाही "आठवण म्हणून" द्यायचं नाही. जी वस्तू जिथे ठेवली आहे तिथलाच एक फोटो आधी घ्या. कोणत्या गठ्ठ्यात कशाशेजारी काय होतं, यावरून पुढे साल लावता येतं. गठ्ठा एकदा विस्कटला की ती माहिती कायमची गेली.

क्रमांक सरळ चालू ठेवा: १, २, ३. माध्यमाप्रमाणे वेगळ्या मालिका करू नका. बहुमाध्यमी कलाकाराकडे जलरंगावर शाई, बाटिकवर भरतकाम असं निघतंच आणि मग ते कुठल्या मालिकेत घालायचं यावर घोळ होतो. कागदावर क्रमांक मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, तोही कागद कडक सपाट जागी ठेवून. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो, स्केचपेनची शाई झिरपते, स्टिकरचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो. कॅनव्हासच्या कापडावर लिहू नका, मागच्या लाकडी चौकटीवर लिहा. बाटिकला सुती नाडीचा तुकडा, त्यावर क्रमांक लिहून, कोपऱ्यात दोन सैल टाक्यांनी अडकवा. टेराकोटाला तळाशी पेन्सिल चालते.

प्रत्येक नगाला एवढं नोंदवा: क्रमांक, शीर्षक, साल, माध्यम, कशावर केलंय, माप, सही कुठे आणि कशी, मागे काय लिहिलंय किंवा चिकटवलंय ते जसंच्या तसं, अवस्था, सध्या कुठे आहे, फोटो क्रमांक. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, आणि हा क्रम एकदाही बदलू नका. शीर्षक बाईंनी दिलेलं असेल तर तसंच. तुम्ही सोयीसाठी दिलेलं असेल ("कोळीण, निळी पार्श्वभूमी") तर चौकटी कंसात. हा फरक आज क्षुल्लक वाटतो, पण दहा वर्षांनी तुमचंच शीर्षक बाईंच्या नावावर छापून येतं.

फोटो: पुढचा आणि मागचा, दोन्ही. १२७-पुढे, १२७-मागे अशी फाइलची नावं. खिडकीचा थेट ऊन नसलेला प्रकाश किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशात सारख्या अंतरावर दोन सारखे दिवे. घरातला पिवळा दिवा बंद, नाहीतर दोन प्रकाश मिसळतात आणि रंग नंतर जुळवता येत नाहीत. कॅमेरा तिवईवर, चित्राला अगदी समांतर. चित्राच्या चारही कडा मोकळ्या दिसू द्या. कडेला, नंतर रंग जुळवायला, राखाडी कार्ड किंवा रंगपट्टी आणि मापासाठी फूटपट्टी ठेवा. मोबाइलनं काढत असाल तर रुंद लेन्स वापरू नका, कडा फुगतात. दोन पावलं मागे जाऊन २ पट झूम बरा. मूळ फाइल हात न लावता दोन वेगवेगळ्या जागी ठेवा.

बुरशी: ती जिवंत आहे की सुप्त, हे आधी बघा. ओलसर, बोटाला पुसट लागणारी, कुबट वासाची असेल तर जिवंत. असा कागद इतरांपासून वेगळा काढा आणि हवेशीर, सावलीच्या खोलीत पंख्याची हवा थेट अंगावर न येईल असा सुकू द्या. पूर्ण कोरडा झाल्यावरच मऊ चपट्या ब्रशनं, बाल्कनीत, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, मधून बाहेरच्या दिशेनं हलके झाडा. ओल्या फडक्यानं पुसलं की बुरशी तंतूंत घासली जाते आणि जलरंग उठतो. पोस्टर कलर असेल तर तो गोंदात बांधलेला असतो, पाण्याचा थेंबही नको. तांबूस ठिपके तसेच राहू द्या. घरी ब्लीच करून ते जातात, पण त्यांच्यासोबत कागदाचा जीवही जातो.

हे काम फेब्रुवारीतच उरकून घ्या. मुंबईत नोव्हेंबर ते मार्च हाच काय तो गठ्ठे उघडायचा काळ. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. शंभर-दीडशे रुपयांपासून मिळणारा छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा, आकडा अगदी अचूक नसला तरी कल कळतो.

कसर किंवा वाळवी दिसली तर: नुसते कागद (तैलरंग, मेण, जाड रंगाचा थर, काच काहीही नसलेले) प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचे आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव कागदावर धरतं. डांबरगोळ्या कागदाला किंवा कापडाला लागतील अशा ठेवू नका.

सेलोटेप दिसला तर ओढू नका. लॅमिनेशन कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या, ते परत काढता येत नाही.

नोंदवही:

कागदकाम यांनी यादीचं सांगितलंच आहे, मी साल आणि चरित्र यांच्याबद्दल लिहितो. चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते. फ्रेमवाल्याचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, किंमत, पत्ता, काहीही फाडू नका.

मुंबईच्या पत्त्यांवरून बरंच कळतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी "मुंबई २८", "मुंबई ४" असे विभाग क्रमांक लिहीत. लेबलवर ४०००२८ असेल तर ते फ्रेमिंग १९७२ नंतरचं, हे पक्कं. उलट मात्र खरं धरू नका: जुनी छापील लेबलं दुकानदार वर्षानुवर्षं वापरत, त्यामुळे "मुंबई २८" म्हणजे १९७२ पूर्वीचंच असं नाही. शिवाय फ्रेमिंगचं साल म्हणजे चित्राचं साल नव्हे, चित्र त्याआधीचं एवढंच. बिलात "न. पै." (नया पैसा) असेल तर एप्रिल १९५७ ते मे १९६४ या काळातलं, कारण १ जून १९६४ पासून "नया" शब्द गळला. प्रमाणपत्रावर "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. कला संचालनालयाचं नाव असेल तर १९६५ किंवा नंतरचं, कारण ते १९६५ मध्ये स्थापन झालं.

सहीचा मुद्दा स्त्री कलाकारांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे आणि याच ठिकाणी नोंदी हरवतात. चित्रकर्ती प्रफुल्ला डहाणूकर (१९३४-२०१४) यांचं सुरुवातीचं काम प्रफुल्ला जोशी या नावावर आहे. देवयानी कृष्ण (जन्म १९१०) या आधी देवयानी जाधव. इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे शिकून त्या जे. जे. मध्ये आल्या, पुढे दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये कलाशिक्षिका झाल्या आणि चित्रं, छापचित्रं, बाटिक, खेळणी या सगळ्यात त्यांनी काम केलं. तुमच्या बाईंच्या जातकुळीतलंच हे उदाहरण. एका आडनावाखाली शोधणाऱ्याला अशा कलाकाराचं निम्मंच काम सापडतं. म्हणून बाईंचं माहेरचं आणि सासरचं नाव, मराठीतली आणि इंग्रजीतली सही, आद्याक्षरं, लग्नाचं साल हे एका पानावर लिहून यादीच्या सुरुवातीला लावा. प्रत्येक प्रकारच्या सहीचा जवळून फोटो घ्या आणि ज्यांवर साल आहे ती कामं आधी क्रमानं लावा. सही कशी बदलत गेली याची शिडी तयार झाली की बिनसालाची कामं तिच्यावर बसवता येतात. सही नंतर केलेली असू शकते हेही ध्यानात ठेवा: प्रदर्शनाला पाठवताना जुन्या चित्रावर नव्या नावाची सही करण्याची पद्धत होती. भिंगातून बघा. सहीचा रंग खालच्या रंगाच्या भेगांत उतरलेला दिसला तर ती नंतरची.

सालापुढे पुरावा लिहायचाच: "चित्रावर", "कॅटलॉगमध्ये", "बाईंच्या सांगण्यावरून", "सहीवरून अंदाज". नुसता "१९६४" हा आकडा निरुपयोगी आहे.

बाहेरचे पुरावे कुठे: बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८), आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) आणि राज्य कला प्रदर्शन यांचे वार्षिक कॅटलॉग. त्यात नाव "मिस" आणि "मिसेस" दोन्ही लावून, दोन्ही आडनावांनी, आणि इंग्रजी स्पेलिंगच्या तीन-चार शक्यता धरून शोधा. शाळेचं वार्षिक, संमेलनाच्या स्मरणिका, सेवापुस्तिका. सेवापुस्तिकेत नेमणूक, बढती, रजा यांच्या तारखा असतात. पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं केली असतील तर बालभारतीची स्थापना जानेवारी १९६७ ची, त्यामुळे तिथलं काम त्यानंतरचं. दिवाळी अंकांत चित्रकाराचं नाव अनुक्रमणिकेजवळ बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, तेव्हा मूळ रेखाचित्र हातात घेऊन छापील पानाशी जुळवा. मूळ चित्राच्या समासात निळ्या पेन्सिलीनं छपाईचं माप लिहिलेलं असेल ("३ इंच रुंद", "दोन कॉलम"), त्यावरून मासिकाचा आकार कळतो.

बाईंशी बोलणं आत्ताच सुरू करा, यादी संपायची वाट बघू नका. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलं की सगळ्यांना सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या चार गोष्टी निघतात. एक चित्र समोर ठेवा आणि विचारा: कागद कुठून आणला, तेव्हा राहायला कुठे होतात, कुणी बसलं होतं, खालचा रंग कोणता, हे असं अर्धवट का सोडलंत. एका बैठकीला पाऊण तास पुरे, सकाळची वेळ, रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला तारीख आणि समोरच्या चित्राचा क्रमांक मोठ्यानं बोला. नाहीतर नंतर ऐकताना "हे" म्हणजे कोणतं चित्र ते कोणालाच कळत नाही.

पाटीपेन्सिल:

दोघांचेही मनापासून आभार, उद्यापासूनच क्रमांक घालायला घेतो. दोन अडचणी. एक, बाटिक उघडले तर घड्यांवर मेण तडकलंय आणि एकीचं म्हणणं आहे की वर्तमानपत्रात ठेवून इस्त्री फिरवली की सरळ होतील. दुसरं, बिनसहीच्या जलरंगांत बाईंची कामं आणि विद्यार्थ्यांची कामं मिसळली आहेत. कशी ओळखायची?

रेषाकापड:

इस्त्री अजिबात नको. मेण काढायची ती पद्धत आहे, जपायची नव्हे. पॅराफिन साधारण ५० ते ६० अंशांना वितळतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ ला. इस्त्रीनं मेण वर्तमानपत्रात उतरतं, सोबत छपाईची शाई कापडात येते आणि कापडात राहिलेलं मेण तेलकट वलयासारखं पसरतं. शिवाय बाटिकमधल्या ज्या बारीक भेगांच्या रेषा आपल्याला आवडतात त्या मुद्दाम पाडलेल्या आहेत की घडीमुळे पडल्या आहेत, हे आधी बघायला हवं. मुद्दाम पाडलेल्या भेगेत रंग शिरलेला असतो. घडीच्या भेगेत रंग नसतो, नुसतं पांढुरकं मेण सुटलेलं असतं. तेच नोंदीत लिहा.

आता उपाय. माळ्यावरून आजच खाली आणा. स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये मेण मऊ पडतं आणि थर एकमेकांना चिकटतात. चिकटलेले थर ओढून सोडवू नका, पंख्याखाली थंड होऊ द्या आणि कोपऱ्यापासून हळूहळू उचला. तरी सुटेना तर तसंच ठेवून संवर्धकाला दाखवा. सुटलेले बाटिक स्वच्छ टेबलावर पसरून एक-दोन दिवस स्वतःच्या वजनानं सैल पडू द्या. मग १० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त व्यासाच्या नळीवर गुंडाळा. पीव्हीसीचा पाइप चालेल, पण त्याला आधी धुऊन खळ काढलेली मलमल दोन वेढे लावा. चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, मध्ये मलमलीचा थर, वरून मलमलीचं वेष्टण आणि सुती पट्टीनं सैल बांधायचं. दोऱ्यानं आवळलं तर खाचा पडतात. गुंडाळी आडवी, दोन्ही टोकांना आधार देऊन ठेवा, उभी करून कोपऱ्यात नको. धुणं, ड्रायक्लीन दोन्ही नको. ड्रायक्लीनचं द्रावण मेण विरघळवतं.

प्रदर्शनात टांगायचे असतील तर कापडाला चिमटे, टाचण्या लावू नका. वरच्या कडेला मागून सुती पट्टीचा नेफा बारीक टाक्यांनी शिवा आणि त्यातून लाकडी पट्टी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीत विभागतं.

लिनोचे ठोकळे: लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुसा वगैरे मिसळून ज्यूटच्या कापडावर बसवलेला थर. जुना झाला की ठिसूळ होतो आणि वाकवला की तुकडा पडतो. सपाट, कोरलेली बाजू वर, मध्ये कागद घालून, थोडेच एकावर एक ठेवा. वाळलेली शाई खरवडू नका, शेवटची छपाई कोणत्या रंगात होती हा त्यातला पुरावा आहे. "एक-दोन प्रिंट काढून बघू" हा मोह टाळा. बाईंच्या संमतीनं कधी काढल्याच तर त्या नव्यानं काढलेल्या आहेत हे प्रत्येक प्रतीवर, सालासकट, लिहिलं पाहिजे आणि जुन्या आवृत्तीचे क्रमांक त्यांना द्यायचे नाहीत. जुन्या छापांखाली पेन्सिलीनं ३/१० असं असेल तर दहातली तिसरी प्रत. ए/पी म्हणजे कलाकाराची स्वतःची प्रत. कागदाची पाठ तिरप्या उजेडात धरा: चमच्याच्या पाठीनं घासून काढलेल्या छापावर पाठीमागे घासल्याचे चकचकीत पट्टे दिसतात, यंत्रावर काढलेल्यात ते नसतात आणि दाब सगळीकडे सारखा असतो. घरी प्रेस नसलेल्या कलाकाराची घरची आणि बाहेरची छपाई यावरून वेगळी काढता येते.

टेराकोटा: भाजलेलं आहे का, ते नखाच्या टिचकीनं ऐका. भाजलेलं खणखणतं, कच्ची माती बद्द वाजते. कच्च्या मातीला आणि प्लॅस्टरला पाणी लावायचं नाही, कोरडा ब्रश फक्त. उचलताना मानेला किंवा हाताला धरायचं नाही, एक हात तळाखाली आणि एक पाठीशी. जुनी जोडणी तिथेच सुटते.

कागदकाम:

बाईंचं काम आणि विद्यार्थ्यांचं काम: सहीपेक्षा कागद जास्त सांगतो. वर्गात करून दाखवलेलं डेमो बहुधा पाव इम्पिरियल मापाच्या कार्ट्रिज कागदावर असतं (११ × १५ इंच), चारही कोपऱ्यांत ड्रॉइंग पिनांची भोकं, आणि एकाच कागदावर टप्पे: एका बाजूला नुसती रेषा, मध्ये पहिला वॉश (रंगाचा पातळ हात), शेवटी थोडाच भाग पूर्ण. चित्र म्हणून ते अपुरं असतं, धडा म्हणून पूर्ण असतं. असा कागद सापडला तर त्याची नोंद "वर्गातील प्रात्यक्षिक" अशी स्वतंत्र करा, "अपूर्ण चित्र" म्हणून नव्हे.

विद्यार्थ्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी असते, कधी कापलेली. विषय बहुतेक ग्रेडच्या अभ्यासक्रमातले: एलिमेंटरीसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्र वगैरे. यात बाईंचा हात शोधायचा तो समासात. चुकलेल्या लंबवर्तुळाशेजारी छोटं बरोबर लंबवर्तुळ, तांब्याचा मध्यअक्ष दाखवणारी तुटक रेषा, गडद-फिक्याचे तीन चौकोन, हे गडद पेन्सिलीत आणि न थांबता काढलेलं असतं. मुलाची रेषा तुकड्यातुकड्यांनी पुढे जाते, बाईंची एका दमात. अशा कागदाची नोंद "विद्यार्थ्याचं काम, शिक्षिकेची दुरुस्ती" अशी करा. बाई काय आणि कशा शिकवत होत्या याचा याहून थेट पुरावा नाही. खात्री नसेल तिथे "चित्रकार अनिश्चित" लिहून मोकळं व्हा, आणि शंका असलेलं एकही चित्र बाईंच्या नावानं प्रदर्शनात लावू नका. बाई आहेत, तेव्हा असे सगळे कागद एकत्र करून त्यांनाच दाखवा आणि त्या काय म्हणाल्या ते तारखेसह लिहा.

टाचण वह्यांची पानं न सोडवता फोटो घ्या. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा तेवढ्या काढा. ओढू नका, खाली पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून पाय वर उचला.

कलमदान:

हक्कांबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो. चित्र विकलं किंवा भेट दिलं म्हणून छापायचा हक्क आपोआप जात नाही, त्याला लेखी आणि सहीचा करार लागतो. म्हणजे बाहेर गेलेल्या चित्राचा फोटो पुस्तिकेत छापायला बाईंची परवानगी पुरते, मालकाची लागते ती फोटो काढू देण्यापुरती. अपवाद: कोणी पैसे देऊन पोर्ट्रेट करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. शाळेच्या नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर मालक संस्थेचा हक्क येऊ शकतो, म्हणून शाळेसाठी केलेली भित्तिचित्रं, तक्ते छापायच्या आधी शाळेचं ना-हरकत पत्र घ्या. विद्यार्थ्यांच्या कागदांवर हक्क विद्यार्थ्यांचा, नावं झाकून छापलं तरी तो जात नाही.

बाई ठीक आहेत तोवर दोन कागद करून घ्या: यादी जोडलेलं मृत्युपत्र आणि छापण्याच्या हक्काबद्दलचं स्वतंत्र पत्र. मृत्युपत्रानं अप्रकाशित कलाकृती कोणाला दिली आणि वेगळं काही लिहिलं नाही, तर कायदा हक्कही त्याच्याकडे गेला असं धरतो. चारशे कामं चार नातेवाइकांत वाटली तर हक्कही चार ठिकाणी विखुरतात आणि पुढे एक पुस्तिका काढायला चार सह्या लागतात. संस्थेला देणार असाल तर बक्षीसपत्रात वस्तू आणि हक्क वेगवेगळे लिहा.

चित्रदालन:

प्रदर्शनासाठी जहांगीर आर्ट गॅलरीचीच वाट बघू नका, तिथली प्रतीक्षा काही वर्षांची असते. काळा घोड्याचं आर्टिस्ट्स सेंटर, वरळीचं नेहरू सेंटर, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे अकादमी इथे आधी चौकशी करा. तारीख डिसेंबर-जानेवारीतली बघा.

निवड करताना माध्यमांच्या वेगळ्या भिंती करू नका. एकच विषय तीन-चार माध्यमांत कसा फिरला ते शेजारी शेजारी लावा: स्केचबुकातली कोळीण, मग लिनोत नुसती काळी-पांढरी, मग बाटिकमध्ये, आणि त्याच विषयाचं वर्गातलं टाचण. वेगवेगळ्या गोष्टी करणाऱ्या बाई "हौसेनं सगळं करायच्या" असा शेरा ऐकू येतो. एकच रेषा तीन साहित्यांत काय करते हे समोर दिसलं की तो शेरा टिकत नाही. चाळीस नग पुरे.

फ्रेमिंग: फ्रेमवाल्यानं चित्र बोर्डाला चिकटवायचं नाही, हे आधीच लेखी सांगा. कागद वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी टांगायचा, तेही गव्हाच्या चिकाच्या खळीनं. चीक वाळवून एक भाग, पाणी चार ते पाच भाग, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास, मग गाळून घ्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, वास आला की फेका. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत कीड रोखते, पण तांब्यामुळे कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो, ती नको. अॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरा. स्ट्रॉबोर्डच्या जुन्या माउंटनं चित्राभोवती तपकिरी चौकट उमटलेली तुम्हाला दिसेलच. काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. कागद आणि बाटिकवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो.

तैलचित्रांना आत्ता काय करावं हे कोणी लिहिलेलं नाही म्हणून: समोरासमोर टेकवू नका, उन्हाळ्यात जाड रंग एकमेकांना चिकटतो. बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. हार्डबोर्ड वाकला असेल तर वजन ठेवून सपाट करू नका, रंग तडकतो. बटाटा, कांदा, तेल लावून "चमकवणं" नको. रंग सुटत असेल ते चित्र आडवं, रंग वर, ठेवा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारा.

घर हलवताना बबलरॅप थेट रंगावर आला तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात, आधी सिलिकॉन कागद किंवा स्वच्छ मलमल. कॅनव्हासच्या पाठीला चौकटीत पुठ्ठा बसवा म्हणजे कोपर लागून फाटणार नाही. टेम्पोत चित्रं उभी, प्रवासाच्या दिशेला समांतर, दोरीऐवजी पट्ट्यानं बांधून. संक्रमण शिबिरातली किंवा भाड्याची जागा तळमजल्यावर असेल तर हा सगळा संग्रह पावसाळ्याआधी दुसरीकडे, वरच्या मजल्यावर हलवायची सोय आत्ताच बघा.

नोंदवही:

एक राहिलं. हलवण्याच्या दिवशी यादीची छापील प्रत दोघींच्या हातात हवी: एकीनं घरातून निघताना क्रमांकावर खूण करायची, दुसरीनं नव्या जागी पोचल्यावर. खोक्यावर बाहेर क्रमांकांची चिठ्ठी, आतही तीच चिठ्ठी. आणि बिल्डरची माणसं घर तोडायला घेण्याआधी रिकाम्या घराचा एक फेरा, माळ्यासकट. भिंतीवर बाईंनी काही काढलेलं असेल, दारावर रांगोळीचं रेखाटन असेल, तर त्याचेही फोटो आणि मापं यादीत क्रमांक देऊनच घ्या.